उदगीरच्या फरफ्युरलवाल्या अप्पांना

अप्पा,

तुम्हाला सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं तेव्हा तुमचा फेटा जरा डावीकडं कलला होता. मला राहून राहून वाटत होतं की आता तुम्ही डोळे उघडाल आणि खुर्ची उचलणाऱ्या चौघांना दटावाल, "आधी पायाखाली बघा, मग वर बघा." खड्ड्यापाशी पोचलो तर सगळी माणसं काठाला दाटीनं उभी. माती मऊ. जंगमस्वामींचे मंत्र चालले होते, बेलाची पानं हातोहात पुढं जात होती, आणि एकदम मागून रज्जाकभाई ओरडला, "काठावरून मागं सरा! दोन हात मागं! माती बसंल!"

आवाज रज्जाकचा होता, पण ती हाक तुमची. पंधरा वर्षं कारखान्यात तुमच्या हाताखाली खालचा व्हॉल्व्ह सांभाळलेला माणूस तो, दुसऱ्या कुणासारखं ओरडणार? सगळे मुकाट्यानं दोन हात मागं सरले. स्वामीसुद्धा. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच रडू आलं, म्हणून पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, बाई फार रडतायत.

नंतर तुमचा शिवानंद म्हणाला, "मावशी, दोन शब्द बोला." लातूरच्या क्लासमध्ये मी रोज दोनशे पोरांपुढं दोन-दोन तास बोलते. तिथं माझं तोंड उघडेना. बोलायचं होतं ते तुमच्याशी, आणि तिथं सगळ्यांना तुमच्याबद्दल ऐकायचं होतं. म्हणून आता हे लिहून काढतेय.

आपली पहिली भेट म्हणजे तुम्ही मला फाटकातून परत पाठवलं होतं. मी तेवीस वर्षांची. कंधारच्या मास्तरांची मुलगी, नांदेडला एम.एस्सी. झालेली, लातूरला मावशीकडं राहून एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलेली. वडिलांना मी कॉलेजात शिकवावं असं वाटत होतं. मला मात्र पुस्तकातली रसायनं टनावारी कशी बनतात ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले. तुम्ही, तिथले फोरमन, फाटकात उभे, हातात रजिस्टर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे.

"बाई, हे पायात काय हाय?"

"चप्पल."

"आन् हातात?"

"बांगड्या."

"साडी तर हायच. आज जा तुम्ही. उद्या या."

मी तणतणत मालकांकडं गेले. सरकीच्या तेलाच्या गिरणीतून वर आलेला माणूस तो, पांढऱ्या सफारीशिवाय कधी दिसला नाही. त्यांनी हात वर केले. "अप्पाच्या हद्दीत मी बी विचारूनच जातो. उद्या या." दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज, ओढणी दोन्ही बाजूंनी पिन लावून खोचलेली. तुम्ही मला बूट दिले ते नऊ नंबरचे. पुढं कापूस कोंबून मी बदकासारखी चालले आणि तुम्ही एकदाही हसला नाहीत. त्या दिवसापासून मी तुमच्यावर विश्वास टाकला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी पदवीत शिकले होते त्यापेक्षा तुम्ही सातवी पास असून जास्त सांगितलंत. सरकीचं तेल काढताना निघालेली टरफलं, जी लोक जनावरापुढं टाकतात, ती ट्रकनं आपल्याकडं यायची. पातळ गंधकाम्लात भिजवायची, उंच भांड्यात दाबून भरायची, झाकणाचे बोल्ट आवळायचे आणि खालून वाफ सोडायची. ती वाफ टरफलातून फरफ्युरल नावाचं तेलासारखं रसायन ओढून वर घेऊन यायची. मग ती थंड करायची, पाणी वर आणि तेल खाली असे दोन थर होऊ द्यायचे, खालचं तेल काढून पुन्हा शुद्ध करायचं. निघायचं तेव्हा फिक्या चहासारखं. चार दिवस हवा लागली की काळं.

"पण हे शेवटी कशाला लागतं?" मी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं होतं.

"हे कोणाच्याच घरात जात न्हाई बाई. हा मधला माल. ह्याच्यापासून दुसरं बनतं, दुसऱ्यापासून तिसरं. लोखंड ओतायच्या साच्यात जातं, औषधात जातं, तेल साफ करायला जातं. घेणाऱ्याला आपलं नाव बी ठाऊक नसतं." आणि मग जरा थांबून, "म्हून तर आपणच आपली फिकीर करायची. वरच्याला ठाऊक न्हाई, खालच्याला ठाऊक न्हाई, मधल्यानं मरायचं का?"

कामगार त्याला 'बदाम' म्हणायचे, वासामुळं. तुम्ही म्हणायचात की बदामाचा नाही, भाजक्या भाकरीचा वास आहे. हे भांडण आपण किती वर्षं केलं? मी पुस्तक उघडून दाखवलं तरी तुम्ही मानलं नाहीत. "पुस्तक लिवणाऱ्यानं बदाम खाल्ले असतील, भाकरी खाल्ली नसंल." मला अजून बदामच वाटतो, अप्पा. ह्या बाबतीत तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

वासाची गंमत वेगळी आणि धाक वेगळा. वास छान म्हणून माणूस नाक जवळ नेतो, आणि कातडीवर पडलं तर चटका बसत नाही म्हणून पुसून सोडून देतो. तुम्ही तुमच्या डाव्या हाताची बोटं दाखवलीत, कर्नाटकातल्या कुठल्याशा कारखान्यात तरुणपणी उघड्या हातानं ड्रम भरायचात तेव्हाची गोष्ट सांगितलीत. बोटं पिवळी पडली, मग तपकिरी, मग डोकं दुखायला लागलं, भूक मेली, आणि डॉक्टर कावीळ समजून औषध देत राहिला. "कातड्यातून आत जातं बाई. दार न वाजवता." तेव्हापासून तुमच्याकडं हातमोजा घालायच्या आधी तोंड धरून फुगवून बघायचा नियम होता. फुगा राहिला तर घाला, हवा सुटली तर फेका. मालकाचा लंडनचा पाहुणा आला होता त्यालाही तुम्ही मोजा फुगवायला लावला होतात. त्याचे गाल लाल झाले, आणि बाहेर जाताना त्यानं तुम्हाला वाकून नमस्कार केला.

तेल आणि गंधकाम्ल एका छपराखाली ठेवायचं नाही, हे तुमचं सगळ्यात कडक. मी एकदा सॅम्पलच्या बाटल्या एकाच ट्रेमधून आणल्या तर तुम्ही प्रयोगशाळेच्या दारातच मला अडवलंत. ट्रे हातातून घेतला, एक बाटली पूर्वेच्या फडताळात, एक पश्चिमेच्या. मग म्हणालात, "ह्यांची गाठ पडू द्यायची न्हाई. भडकतात." एवढंच. कुणापुढं बोलला नाहीत, मालकाला सांगितलं नाहीत. मी आठ दिवस शरमेनं तुमच्या नजरेला नजर दिली नाही.

आणि मग भूकंप झाला.

पहाटेचा धक्का मला मावशीच्या घरी बसला. उजाडताच मी सायकल काढून कारखान्याकडं सुटले. रात्रपाळी तुमची होती. रस्त्यावर माणसं अंथरुणं घेऊन बसलेली, कुणी म्हणत होतं औशाकडं गेलं, कुणी म्हणत होतं किल्लारीकडं सगळं सपाट. माझ्या डोळ्यांपुढं एकच, वाफेनं भरलेलं ते उंच भांडं.

तुम्ही फाटकाबाहेर लिंबाखाली बसला होता. समोर माणसं रांगेत, आणि तुम्ही हजेरी घेत होता. तिसऱ्यांदा, असं रज्जाकनं नंतर सांगितलं. मला बघून म्हणालात, "आलात? बूट कुठं हायेत?"

मी सायकल तिथंच टाकली आणि रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलंत. मग सांगितलंत, अगदी दुसऱ्याच्या शेतातली हकीकत सांगावी तसं. भांडं हलायला लागलं, पाइप एकमेकांवर वाजायला लागले, तसा तुम्ही रज्जाकला ओरडलात, "वाफ बंद!" आणि स्वतः वरचा निकास उघडायला शिडी चढलात. शिडी हलत होती. "म्या बसवण्णाचं नाव घेतलं आन् चाक फिरवलं. फिरलं. रोज तेल घालतो न मी त्याला." वाफ आभाळात गेली, भांडं शांत झालं, मग तुम्ही सगळ्यात शेवटी बाहेर आलात. शिडीवरून उतरताना तुमचा एक बूट वर राहिला होता. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशा अवस्थेत तुम्ही माझ्या बुटांची चौकशी करत होता. हे मी त्याच दिवशी बोलून दाखवलं आणि लिंबाखालचे सगळे हसले. त्या सकाळी त्या रस्त्यावर तेवढंच हसणं झालं असेल.

दुपारपर्यंत खरी बातमी आली. आपल्यातल्या तिघांची घरं तिकडची. तुम्ही कुणाला न विचारता भांडाराचं कुलूप उघडलंत. सगळे हातमोजे, सगळे गमबूट, फावडी, तोंडाला बांधायचे मास्क, चुन्याची पोती टेम्पोत भरलीत आणि वीस माणसं घेऊन गेलात. पाच दिवस. त्या पाच दिवसांबद्दल तुम्ही मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आलात तेव्हा तुमच्याकडं एकही मोजा नव्हता. शेवटचा जोड तिथल्या एका नर्सबाईला देऊन आला होता.

मालक भडकले. त्यांनी स्वतःही गावांना धान्य पाठवलं होतं, माणूस वाईट नव्हता. पण टँकर दारात येऊन उभा होता, माल द्यायची तारीख टळून गेलेली, आणि हातमोजे हैदराबादहून यायला दोन दिवस.

"दोन दिवस फडकी बांधून काम करा," ते म्हणाले.

"फडक्यातून आत जातं, शेठ."

"मग काय दोन दिवस बसून राहायचं?"

"बसायचं कशाला? भांडं पाण्यानं भरून दाब देऊन बघू. एवढं हललंय ते."

"बघितलंय इंजिनिअरनं. कुठं चीर न्हाई."

"डोळ्याला न्हाई दिसली."

मला आठवतं, मालक तुमच्याकडं पाठ करून माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही लिहून द्या."

आता जे लिहिते ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या भाऊरावांनी माझ्यापुढं टाइप केलेला कागद ठेवला. यंत्रसामग्रीची पाहणी केली, सर्व सुस्थितीत आहे, उत्पादन सुरू करण्यास हरकत नाही. खाली माझं नाव. मी भांड्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या, वरून खालून टॉर्च लावून बघितलं होतं, काही दिसलं नव्हतं. मालक दारात उभे होते. साठ घरांची चूल ह्यावर आहे, म्हणाले. मी सही केली, अप्पा. पूर्ण नावाची, खाली डिग्रीसकट.

बाहेर आले तर तुम्ही भांड्याला पाण्याचा पाइप जोडून तयार. कुणाची परवानगी नव्हती. मला म्हणालात, "बाई, तुमी म्हणाल तसं. तुमी न्हाई म्हणल्या तर सोडून देतो. पण हे बघा, पाणी दाबलं आन् फुटलं तर माणूस भिजतो. वाफ दाबली आन् फुटलं तर माणूस ऱ्हात न्हाई. रज्जाक खाली उभा असतो."

रज्जाक तिथंच होता. त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, तो पाइपाची पकड आवळत होता. पुढच्या पाळीला तो त्याच जागेवर उभा राहणार होता, माझ्या सहीवर.

मी परत ऑफिसात गेले. भाऊरावांना म्हटलं, एक ओळ घालायची राहिली. त्यांनी कागद दिला, मी तो घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला आणि बाहेर येऊन म्हटलं, "भरा पाणी."

पंप हातानं मारायचा होता. तुम्ही काट्याकडं बघत उभे, रज्जाक आणि मी आळीपाळीनं दांडा मारतोय. मालक धावत आले. सफारी कडक इस्त्रीची. "कुणी सांगितलं हे करायला?" मी म्हटलं, "मी." माझा आवाज इतका बारीक निघाला की मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. काटा वर चढत होता. आठ. दहा. रोज वाफेचा दाब असायचा तिथपर्यंत आला, काही नाही. मालक भांड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा! लोखंड हाय ते!" तुम्ही म्हणालात, "अजून. दीडपट न्यायचंय." बारा. तेरा.

आणि बुडाजवळच्या जोडातून सुतासारखी धार सुटली. थेट मालकांच्या कमरेवर. टरफलाचं काळं पाणी, पांढरी सफारी. ते ओरडले, उडी मारली, धारेतून बाहेर पडायचं सोडून धारेतच गोल फिरले. मी त्यांना ओढायला गेले आणि मीही नखशिखांत भिजले. तुम्ही शांतपणे हात वर करून रज्जाकला म्हणालात, "साकु." तुमचा तो कानडीतला 'पुरे'.

मालक वाकले. केसाएवढी चीर होती, वेल्डिंगच्या कडेनं, विताएवढी लांब. त्यांनी बोट फिरवलं. रज्जाक रोज जिथं उभा राहतो ती जागा आणि ती चीर, मध्ये दोन हातांचं अंतर. मालकांनी रज्जाकच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले, कमरेखाली काळे, वर पांढरे. शेवटी म्हणाले, "अप्पा, वेल्डर कुठला आणायचा ते तुमीच सांगा." जोड नवा झाला, पुन्हा पाणी भरून दाब दिला, बाहेरचा तपासनीस येऊन बघून गेला, आणि मग बारा दिवसांनी कारखाना सुरू झाला. तोवर हातमोजेही आले होते.

त्या दुपारी मी ॲप्रन पिळत होते. खिशातल्या कागदाचा लगदा झाला होता, शाई फुटून पांढऱ्या कापडावर निळा डाग पसरलेला. तुम्ही बघितलंत.

"हे काय, बाई?"

"पेन फुटलं."

तुम्ही डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चांगल्या जागी फुटलं," म्हणालात आणि चहा सांगायला गेलात.

तुम्हाला ठाऊक होतं का, अप्पा? इतक्या वर्षांत दहादा माझ्या ओठांवर आलं. भाऊरावांनी सांगितलं असेल का? की तुम्ही नुसतंच बोललात? कधी वाटतं, ठाऊक असून तुम्ही मला ते सांगायची वेळ येऊ दिली नाहीत, ट्रेच्या वेळी केलंत तसंच. आता विचारून काही उपयोग नाही. मी सही केली होती. आणि ती परत घ्यायला तुम्ही मला नुसतं रज्जाकच्या बाजूला उभं केलंत.

पुढं बाहेरचा स्वस्त माल आला, टरफलं महाग झाली, आणि आपलं भांडं थंड पडलं ते पडलंच. तुम्ही उदगीरला गेलात. लातुरात तोवर गल्लोगल्ली क्लास निघाले होते. नांदेड, बिलोली, किनवट, कुठून कुठून पोरं येऊन एकेका खोलीत चार-चार राहायला लागली. मी रसायनशास्त्र शिकवायला लागले. तुम्ही पेढे खाल्लेत आणि वर म्हणालात, "म्हंजे आता तुमी चारातला एक गोल काळा करायला शिकवणार."

आपलं खरं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, अप्पा, गरिबाची पोरं ह्यातून डॉक्टर होऊन राहिलीत. तुम्ही म्हणायचात, होऊ द्या की, म्या कुठं न्हाई म्हणलं, पण हाताला काही कळू द्या. मी म्हणायचे, वेळ नाही, अभ्यासक्रम संपत नाही. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या पोरांना ॲसिड ठाऊक हाय, बाटली ठाऊक न्हाई."

शेवटी मी चिडून तुम्हाला क्लासातच आणलं. धोतर, फेटा, कपाळावर भस्म, हातात पिशवी. दोनशे पोरं कुजबुजायला लागली. तुम्ही माइक बाजूला ठेवलात.

"ॲसिड पाण्यात घालायचं का पाणी ॲसिडात?"

"ॲसिड पाण्यात!" दोनशे तोंडं एकदम. मी तुमच्याकडं विजयानं बघितलं.

तुम्ही पिशवीतून काचेचं भांडं, पाणी, छोटी बाटली, चष्मा आणि मोजे काढून टेबलावर मांडलेत. "मंग या कोणीतरी. घाला."

पहिल्या बाकावरची नंबरात येणारी पोरं वहीत बघायला लागली. तुम्ही वाट बघितलीत. घाई नाही. मग मागून एक मुलगी उठली, किनवटकडच्या आश्रमशाळेतून आलेली, वर्गात वर्षभर एक शब्द न बोललेली.

"ये की माय. आधी मोजा फुगव."

तिनं फुगवला. पोरं हसली. फुगा राहिला. तिनं घातला, चष्मा लावला आणि काडीवरून थेंब थेंब सोडत राहिली. तिनं मोजा घातलेल्या हाताची पाठ भांड्याला बाहेरून लावली आणि दचकली. "गरम झालं!"

"किती?"

"लई!"

"आता उलटं केलं असतं तर?"

तिनं हात मागं घेतला. "थेंबभर पाणी उकळून ॲसिड घेऊन वर उडालं असतं. माझ्या तोंडावर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्ही हात वर केलात. "टाळ्या ऱ्हाऊ द्या. हात धू माय आधी."

त्यानंतर तुम्ही दर वर्षी आलात, गुडघे साथ देत होते तोवर. दर वेळी जाताना माझ्यापाशी एकच विचारणा, "खोली झाली का?" दोन टेबलं, दोन नळ, खिडकी मोठी, एवढीच तुमची मागणी. मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. गेल्या दिवाळीत फोनवरही तेच म्हटलं. तुम्ही हसून म्हणालात, "बाई, पुढचं वर्ष तुमच्याकडं लई दिवसांपासून येऊन राहिलंय."

परवा नळवाला येऊन गेला. वरच्या मजल्यावरची पुस्तकांची खोली रिकामी केली. क्लास चालवणारे सर म्हणाले, ह्यानं निकालात काय फरक पडेल? मी म्हटलं, काही नाही. तरी ते हो म्हणाले. सध्या एकच नळ आहे. दुसरा येईल, तुम्ही उगीच तोंड वाकडं करू नका.

आता एक गोष्ट, जी मला तुमच्यामागच्या गणाराधनेच्या जेवणादिवशी कळली. तुम्ही ही लपवून ठेवली होतीत आणि मी तुम्हाला माफ करणार नाही.

जेवणं उरकली होती. मी, तुमच्या मंडळी अक्का आणि तुमची सून आत स्वयंपाकघरात घरच्यांपुरतं संध्याकाळचं बघत होतो. सुनेनं वरणाचा कुकर गॅसवर ठेवला. अक्का मला हळूच म्हणाल्या, "तुमाला ठाऊक हाय का, बाई? तुमच्या अप्पाला कुकरचं लई भ्या वाटायचं."

"अप्पांना?"

"मग! तीस वर्षं म्या उघड्या पातेल्यात डाळ शिजवली. कुकर आणू दिला न्हाई. सून आली, तिनं आणला. कुकर चढला की हे खुर्ची उचलून अंगणात. का? तर म्हणं, ह्या भांड्याला कोणी दाब देऊन बघितलंय का? तीन शिट्ट्या होऊन वाफ जिरल्याबिगर आत पाय ठेवायचे न्हाईत. पाव्हणे असले तर त्यांनाबी घेऊन जायचे बाहेर, झाडं दाखवायला."

मी हसले, सून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आम्ही. मलाही तुम्ही कितीदा ते पेरूचं झाड दाखवलं आहे, अप्पा!

तेवढ्यात पहिली शिट्टी झाली. मग दुसरी. अक्का पोळ्या मोजून डब्यात भरत होत्या. तिसरी झाली, सुनेनं गॅस बंद केला. थोड्या वेळानं वाफ जिरली, झाकणाची फुसफुस थांबली. अक्कांनी डबा लावला, आणि हात पुसत सुनेला म्हणाल्या, "झालं गं. हाक मार त्यांना आत."

सून तशीच उभी राहिली. मी अक्कांकडं बघायला धजेना. अंगणात तुमची खुर्ची पेरूखाली होती, तिच्यावर शिवानंदची मुलगी चढून बसली होती.

आणि मग, अप्पा, आधी अक्काच हसल्या. पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या, आणि दाराकडं तोंड करून, चांगल्या खणखणीत आवाजात, तुम्हाला हाक मारली.